नवीन दुचाकीस्वारांसाठी सुरक्षितता: सातारा-सांगलीच्या गर्दीत गाडी चालवताना काय काळजी घ्यावी?

थोडक्यात महत्त्वाचे

- गाडी शिकल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वात धोक्याचे असतात. या काळात गाडीवर ताबा आलेला असतो, पण रस्त्यावरचा धोका आधी ओळखण्याची नजर अजून तयार झालेली नसते.
- आयएसआय चिन्ह असलेले, पट्टा लावलेले हेल्मेट चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही घालावे.
- डोक्याला मार लागल्यावर रुग्ण शुद्धीत आणि बोलत असला तरी पुढील २४ तास लक्ष ठेवणे गरजेचे असते.
- अपघात झाल्यास १०८ किंवा ११२ वर फोन करावा. जखमीला पाणी पाजू नये, ओढून उचलू नये.

दुचाकीचा अपघात इतका गंभीर का असतो?

चारचाकीत बसलेल्या माणसाभोवती पत्रा, सीटबेल्ट आणि एअरबॅग असते. दुचाकीवर यातले काहीच नसते. धडकेचा सगळा जोर थेट शरीरावर येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना एखाद्या स्थिर वस्तूवर आदळणे म्हणजे जवळपास सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. पेठेतून रोज ज्या वेगाने गाडी जाते, तो वेग शरीराला किती जड जाऊ शकतो हे यावरून लक्षात येईल.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते.

दुचाकीच्या अपघातात प्रामुख्याने पुढील इजा होतात:

- डोक्याला मार, कवटीचे फ्रॅक्चर, मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव
- नडगी, मांडी, मनगट आणि गळपट्टीच्या हाडाचे फ्रॅक्चर
- मानेच्या व पाठीच्या मणक्याला इजा
- हँडल पोटात घुसून प्लीहा किंवा यकृताला इजा
- रस्त्यावर घासून कातडी सोलवटणे
- लहान मुलांचा पाय मागच्या चाकाच्या तारांत अडकणे, सायलेन्सरने पोटरी भाजणे

नवशिक्या चालकाला धोका जास्त का?

क्लच, गिअर, ब्रेक यांची सवय महिनाभरात होते. धोका ओळखणे मात्र अनुभवानेच येते. अनुभवी चालक उभ्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले पाहतो आणि ती आता निघणार हे ओळखतो. नवीन चालकाची नजर बहुतेक वेळा गाडीच्या पुढच्या चाकासमोर खिळलेली असते. त्यामुळे त्याला प्रतिसाद द्यायला उशीर होतो.

धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाणारी गाडी थांबेपर्यंत सुमारे २९ मीटर अंतर कापते. ताशी ६० ला हेच अंतर सुमारे ५३ मीटर होते, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळपास पाच एसटी बसइतके. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. वेग दीडपट झाला तर धडकेतील ऊर्जा सव्वादोन पट होते.

सातारा आणि सांगलीतील नेहमीचे धोके

दोन्ही शहरांतील रस्त्यांचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून काळजीही वेगळी घ्यावी लागते.

सातारा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात चढ-उतार भरपूर आहेत. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून सोडणे धोक्याचे आहे. इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कासला जाताना यवतेश्वर घाटात ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. स्कूटरला बदलण्याजोगा गिअर नसतो आणि इंजिनाचा अडसरही कमी मिळतो, म्हणून उतारावर सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवावा. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये भर उन्हातून शिरताना डोळ्यांना कमी उजेडाशी जुळवून घ्यायला काही क्षण लागतात. त्यामुळे आत शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि गडद काचेचा गॉगल टाळावा. महामार्गावर सेवा रस्त्यावरून येताना मागून येणाऱ्या ट्रकचा वेग आरशात कमी भासतो, म्हणून आरशासोबत एकदा मान वळवून पाहावे.

सांगली-मिरज. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड या बाजारपेठांत माल उतरवणारे टेम्पो, हातगाड्या आणि पादचारी एकाच अरुंद रस्त्यावर असतात. येथे मुख्य धोका असतो तो उभ्या गाडीचे दार अचानक उघडण्याचा आणि दोन वाहनांच्या मधून कोणीतरी बाहेर येण्याचा. उभ्या गाड्यांपासून निदान एक दार उघडेल इतके अंतर ठेवावे. सांगली-मिरज रस्त्यावर थांब्यावरील बस आणि रिक्षा यांच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नये. प्रवासी त्याच बाजूने उतरतात.

दोन्ही जिल्ह्यांत ऊस हंगाम. साधारण दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. रात्री ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल, तर ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. पुढच्या दिव्याच्या प्रकाशात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकते, म्हणून वळणावर त्याच्या शेजारी राहू नये. रस्त्यावर सांडलेला ऊसही घसरण्याचे कारण ठरतो.

पावसाळा. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडली की तीच अवस्था होते. अशा ठिकाणी जोरात ब्रेक न दाबता थ्रॉटल सोडून वेग कमी करावा. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असे गृहीत धरावे. रस्त्यावरून पुराचे पाणी वाहत असेल, तर गाडी घालूच नये.

हेल्मेट: निवड आणि वापर

वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे आढळले आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आतले थर्माकोलसारखे अस्तर दाबले जाऊन धक्का शोषते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त, टोपीसारख्या हेल्मेटमध्ये हे अस्तर नाममात्र असते किंवा नसतेच. त्याने दंड टळेल, मेंदू वाचणार नाही.

- आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्यावे.
- पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट हनुवटी आणि जबड्याचेही रक्षण करते.
- पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकीच जागा असावी. डोके हलवल्यावर हेल्मेट फिरू नये.
- एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.
- पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेच्या आधीच उडून जाते. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटचा उपयोग शून्य.

इतर कपडे आणि तयारी

चपलेऐवजी पाय पूर्ण झाकणारे बूट घालावेत. जीन्ससारखी जाड पँट आणि पूर्ण बाह्यांचे जाकीट असल्यास कातडी सोलवटणे कमी होते. ओढणी, साडीचा पदर किंवा स्कार्फ चाकात अडकून गळ्याला फास बसू शकतो, म्हणून तो आवळून बांधावा किंवा जाकिटाच्या आत खोचावा. मागच्या चाकाला साडी गार्ड असावा.

चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना, नियमानुसार, चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. मुलाला पेट्रोलच्या टाकीवर बसवू नये.

पहिल्या तीन महिन्यांचा सराव कसा करावा?

१. पहिले दोन आठवडे: सकाळी लवकर, मोकळ्या मैदानात किंवा कॉलनीच्या रस्त्यावर. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबण्याचा सराव करा. फक्त मागचा ब्रेक दाबल्यास गाडी लांब जाते आणि घसरते. वळताना पुढचा ब्रेक झटक्यात दाबल्यास पुढचे चाक सुटते.

२. पहिला महिना: ओळखीचा रस्ता, दिवसाउजेडी, एकट्याने. शिकाऊ परवाना असताना पुढे-मागे 'एल' पाटी लावावी. या काळात मागे फक्त परवानाधारक शिकवणारी व्यक्ती बसू शकते.

३. दुसरा महिना: गर्दीचे चौक. मोठ्या वाहनाच्या चालकाचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही हे लक्षात ठेवा.

४. तिसरा महिना: रात्र, पाऊस आणि डबल सीट, पण हे तिन्ही एकाच दिवशी नव्हे. मागे माणूस बसला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळताना वेगळी वागते.

गाडी कधी चालवू नये?

- दारू घेतली असल्यास. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण त्याहून कमी प्रमाणातही निर्णयशक्ती मंदावते. त्यामुळे 'थोडीशी चालते' असे नाही.
- सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येत असल्यास. सिट्रिझिन, क्लोरफेनिरामिन असलेली औषधे घेतली असतील, तर डॉक्टरांना विचारा.
- रात्रपाळीनंतर. एमआयडीसीतून पहाटे घरी परतताना आलेली काही सेकंदांची डुलकीही पुरेशी असते. आधी चहा आणि थोडी विश्रांती घ्या, शक्य असल्यास बसने जा.
- मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी. साखर उतरल्यास घाम, थरथर, गोंधळ होतो. उपवासाच्या दिवसांत हे विशेष पाहावे.
- फिट येण्याचा आजार असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय.

अपघात झाल्यास प्रथमोपचार

१. आधी स्वतःची सुरक्षितता पाहा. मागून येणारी वाहने थांबवा, पडलेल्या गाडीचे इंजिन बंद करा.

२. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. जवळची खूण सांगा: चौक, पेट्रोल पंप, फाटा, किलोमीटरचा दगड.

३. जखमी श्वास घेत असेल, तर हलवू नका. दोन्ही हातांनी डोके-मान सरळ रेषेत धरून ठेवा. हातपाय धरून उचलल्याने, रिक्षात दुमडून बसवल्याने मणक्याची इजा वाढून कायमचा लकवा होऊ शकतो.

४. हेल्मेट घाईने ओढू नका, काच वर करा. श्वास थांबला असेल किंवा उलटी होऊन गुदमरत असेल, तरच दोघांनी मिळून काढावे. एकाने मान आणि जबडा स्थिर धरावा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट अलगद वर घ्यावे.

५. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा.

६. श्वास नसल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्या.

७. पाणी, चहा काहीही देऊ नका. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते, आणि शस्त्रक्रियेची वेळ आल्यास भरलेले पोट भूल देताना धोकादायक ठरते.

८. सोलवटलेल्या जखमेवर हळद, माती, पेट्रोल किंवा टूथपेस्ट लावू नका. सांगलीची हळद स्वयंपाकात उत्तम, पण उघड्या जखमेत भुकटी गेली की जखम साफ करणे अवघड होते. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना भेटा.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

कानशिलाजवळची रक्तवाहिनी फाटल्यास रुग्ण आधी काही मिनिटे बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध पडतो. मधल्या काळात 'बरा आहे' असे समजून घरी झोपवले, तर जीव जाऊ शकतो. वेळेत सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया झाल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात. पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास थांबू नका:

- थोडा वेळही शुद्ध हरपली असेल किंवा अपघात आठवत नसेल
- पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट
- कान किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव
- एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा, बाहुल्यांचा आकार असमान
- पोट किंवा डाव्या खांद्यात दुखणे, चक्कर, थंड घाम (पोटातील रक्तस्रावाची शक्यता)
- रक्त पातळ करणारी औषधे सुरू असणे

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय ही सरकारी केंद्रे आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हेल्मेटमुळे केस गळतात का?
टक्कल पडण्याचे कारण बहुधा आनुवंशिकता आणि संप्रेरके असतात. घामाने कोंडा वाढू शकतो. आत सुती रुमाल बांधा, अस्तर धुवा.

जवळच जायचे असेल तरीही हेल्मेट हवे का?
हो. धोका अंतरावर नाही, वेगावर आणि समोरच्या वाहनावर अवलंबून असतो.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. क्लासला गाडी देऊ का?
नेहमीच्या मोटरसायकलसाठी वयाची अट १८ पूर्ण अशी आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या वयात धोका जोखण्याची क्षमता पूर्ण विकसित झालेली नसते.

जखमीला मदत केल्यास पोलिसांचा त्रास होईल का?
मोटार वाहन कायद्यातील कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. तुमचे नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

उपचाराच्या खर्चाचे काय?
मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. पैशांची जमवाजमव होईपर्यंत जखमीला थांबवून ठेवू नका. अपघातानंतरचा पहिला तास उपचारांसाठी सर्वात मोलाचा असतो.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष इजा झाल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.