प्रौढ विद्यार्थ्याचें संख्याशास्त्र

पन्नाशी उलटल्यावर पुन्हां वर्गांतल्या बांकावर बसणें आपल्या समाजांत जरा हास्यास्पदच गणलें जातें. तरीहि चिंचवडच्या एका सायंवर्गांत कारखान्यांतील कामगारांच्या शेजारीं बसून आम्हीं संख्याशास्त्राचे पहिले धडे घेतले. सरासरी आम्हांस काढतां येत होती. पण तिच्याभोंवतीं आंकडे कां व किती विखुरतात, हें बी. ए.च्या परीक्षेनें कधीं विचारलेंच नव्हतें.

या विद्येचा इतिहास वाचल्यावर आमचा संकोच पुष्कळ कमी झाला. विल्यम गॉसेट हे १८९९ पासून डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेंत नोकरीस होते. थोड्याच नमुन्यांवरून निर्णय कसा करावा, ही धंद्यांतली अडचण घेऊन ते तिशीच्या वयांत लंडनला कार्ल पिअर्सन यांच्यापाशीं शिकावयास गेले. १९०८ सालीं त्यांचा प्रसिद्ध निबंध निघाला तो ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनांवानें.

पुढें १९२४ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत वॉल्टर शूहार्ट यांनीं एका लहानशा टिपणांत पहिला नियंत्रण-आलेख काढून दाखविला. मालांतील कांहीं फरक कामाच्या पद्धतींतच मुरलेला असतो, तर कांहीं बाहेरून शिरलेल्या कारणानें पडतो. हे दोन्ही वेगळे ओळखावे, एवढेंच त्याचें तात्पर्य. महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यांत हिंदुस्थानांत आले. त्या सुमारास पिंपरीस फाळणीनें उखडलेल्या सिंधी कुटुंबांची छावणी वसत होती.

तेथेंच १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्या वर्षीं पेनिसिलीन निघूं लागलें. औषध निर्जंतुक आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तर कुपी उघडावी लागते, आणि उघडलेली कुपी रोग्याच्या कामाची नाहीं. सर्वच तपासल्या तर विकावयास काय उरणार! थोड्यांवरून सर्वांविषयीं अनुमान करणें ही येथें पांडित्याची हौस नव्हे, निकड होती. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. पुढें भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने पसरले, आणि सुट्या भागाचा व्यास मोजणाऱ्यासहि हें गणित शिकणें प्राप्त झालें.

आमच्या गुरुजींनीं एके सायंकाळीं डेमिंग या अमेरिकन पंडिताचा मण्यांचा प्रयोग मांडला. ३२०० पांढरे मणी, ८०० तांबडे. पन्नास खळग्यांची एक फळी. फळी बुडवून वर काढावयाची. तांबडा मणी म्हणजे बिघडलेला नग. सरासरी दहा तांबडे यावयाचे. आमच्या फळीवर चौदा आले, शेजाऱ्याच्या सहा. वर्ग हंसला, आम्हांस मात्र उगीचच ओशाळल्यासारखें झालें. मग गुरुजींनीं फळ्यावर हिशेब केला : प्रमाण विचलन सुमारें २·८, त्याची तिप्पट दोन्हीं बाजूंस धरली तर दोनपासून अठरापर्यंत कोणताहि आंकडा निव्वळ योगायोगानें येऊं शकतो. हात कोणाचा, याच्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

हिशेब आम्हांस लगेच पटला. मनास पटावयास वेळ लागला. प्रत्येक उण्यामागें एक अपराधी शोधण्याची संवय इतक्या वयानंतर सहज सुटत नाहीं. मागच्या बांकावर लेथवर काम करणारे एक वयस्क गृहस्थ बसत. ते उठून म्हणाले, “सर, मग मागं एका कारखान्यात माझा बोनस कापला, तो कशाबद्दल?”

गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, “तेव्हांचे आंकडे असले तर आणा, आलेख काढून पाहूं.” पुढच्या आठवड्यांत गृहस्थांनीं एक मळकी वही आणली. आम्हीहि घरीं जाऊन विद्यार्थ्यांच्या जुन्या गुणपत्रिका काढल्या. दोन-चार गुण कमी पडले म्हणून ज्यांना आळशी ठरविलें होतें, तीं नांवें त्यांत होतीं.