हाडात दडलेला जादा दात

मुलाचे दुधाचे दात पडले, बरोबरीच्या पोरांना नवे दात आले, पण याच्या पटाशीच्या जागी खिंडार ते खिंडारच राहिले, तर घरची मंडळी म्हणतात, "येईल की सावकाश!" पुष्कळदा ते खरेही ठरते. पण कधीकधी त्या दाताची वाट अडवून एक जादा दात हाडात दडून बसलेला असतो. कित्येकदा तो चक्क उलटा असतो, टोक नाकाकडे आणि मूळ खाली!

असला दात काढायचा, तर तो नेमका कुठे आहे हे आधी कळले पाहिजे. १८९५ पर्यंत हाडाच्या आतले पाहण्याचा उपायच नव्हता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण गवसले. लगेच १८९६ च्या जानेवारीत ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल पडून राहावे लागले.

त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी हे काम हाती घेतले. नळी नीट चालते ना, हे पाहायला ते आपलाच हात किरणांपुढे धरीत. किरण दिसत नाहीत, लागलीच दुखतही नाही. वर्षांमागून वर्षे हे चालले. मग हाताला कर्करोग झाला. बोटे गेली, हात गेला, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःच जीवन संपविले.

चित्र मिळाले तरी ती सपाट सावलीच. दात पटाशीच्या पुढे, की मागे टाळूकडे? त्यावर युक्ती निघाली ती अशी : नळी थोडी सरकवून दुसरे चित्र घ्यायचे. आगगाडीतून पाहताना जवळचे खांब मागे पळतात आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबर येतो ना, तसेच हे. नळीबरोबर सरकलेला दिसला, तो दात टाळूकडचा. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस तर जबड्याची लांबी, रुंदी, खोली एकत्र दाखविणारी यंत्रे आली.

म्हणूनच आता हिरडीला लहानशी चीर, हाडात छोटीशी खिडकी, आणि दाताचे तुकडे करून तेवढ्यातूनच बाहेर, असे पुष्कळदा साधते. शेजारची कोवळी मुळे सांभाळता येतात. चीर लहान झाली ती केवळ शस्त्राच्या धारेने नव्हे. आधी नीट पाहता आले म्हणून.

आज चित्र घेणारा आडोशाला उभा राहतो. मुलाचे गरजेपेक्षा एकही चित्र जास्त घेऊ नये, असे सांगतात. त्या सावधगिरीमागे केल्स यांच्यासारख्यांचे गेलेले हात आहेत, एवढे आपण विसरू नये.