पडद्यामागची जमीन

पुण्यात मंडईला गाडी घेऊन जाणाऱ्याला 'आर्यन' हे नाव वाहनतळाचे म्हणून ठाऊक असते. तिथे गाडी लावणाऱ्या तरुणांना मी अधूनमधून विचारतो, हे नाव कुठून आले? कोणी म्हणते नगरसेवकाच्या मुलाचे असेल, कोणी म्हणते एखाद्या मंडळाचे. १९१५ साली गंगाधर नथूजी पाठक यांनी या जागी 'आर्यन' हे पुण्यातले पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह सुरू केले. त्याने मूकपट पाहिला, बोलपट पाहिला, रंगीत सिनेमा पाहिला. १९८३ साली ते बंद झाले, पाडले गेले आणि तिथे महापालिकेचा वाहनतळ झाला. नाव तेवढे राहिले, तेही पार्किंगच्या पावतीपुरते.

गेली काही वर्षे मी अशा जुन्या थिएटरांची टिपणे काढतो आहे. थिएटर का बंद पडले, असे कोणालाही विचारा. ठरलेली उत्तरे येतात. टीव्ही आला, व्हिडिओ आला, मल्टिप्लेक्स आले, आता मोबाइल आला. यातले काहीच खोटे नाही. पण त्याने एक गोष्ट उलगडत नाही. एकाच रस्त्यावरची दोन थिएटरे, चित्रपट तेच, प्रेक्षक तेच. त्यांतले एक जाते आणि दुसरे राहते, ते का? त्यासाठी जमीन कोणाची, इमारत कोणाची आणि खेळ चालवणारा कोण, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. बऱ्याच ठिकाणी हे तिघे निराळे निघतात, आणि थिएटराचे भवितव्य त्या तिघांमधल्या कराराने ठरते.

सिनेमा आपल्याकडे आला तोच मुळी दुसऱ्याच्या घरात. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत पहिला खेळ झाला तो वॉटसन हॉटेलात. आठवड्याभरात तो नॉव्हेल्टी या नाटकाच्या थिएटरात गेला, आणि त्याच नॉव्हेल्टीच्या जागी पुढे एक्सेलसियर उभे राहिले. बोरीबंदरसमोरचे कॅपिटॉल हे १८७९ सालचे 'गेटी' नाट्यगृह. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या लिमये नाट्यगृहाचे विजय टॉकीज झाले. नाटकवाल्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची रंगमंदिरे सिनेमाने घेतली, आणि तेव्हाही जुन्या रसिकांनी हळहळ व्यक्त केलीच असणार. थिएटराचे मॉल होताना पाहून आपण आज जे म्हणतो, ते संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने आपल्या आधी म्हणून ठेवले आहे. फरक इतकाच की नाट्यगृहाचे सिनेमागृह झाले तरी चार पैसे देऊन आत शिरणारा माणूस तोच राहिला होता.

कराराचा खेळ पाहायचा तर पुण्यातल्या प्रभात टॉकीजसारखे उदाहरण नाही. अप्पा बळवंत चौकाजवळची ही वास्तू इंदूरच्या सरदार किबे घराण्याची. मूळ नाव किबे लक्ष्मी थिएटर. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. स्टुडिओ उभा राहिला, पण आपला चित्रपट आपल्याच गावात दाखवायला हक्काचा पडदा हवा होता. कंपनीने हे थिएटर भाड्याने घेतले आणि सप्टेंबर १९३४ मध्ये 'अमृतमंथन'ने ते सुरू झाले. चित्रपट काढणाऱ्याच्या हाती थिएटर असले की पहिला आठवडा थंड गेला तरी चित्रपट उतरवायची घाई होत नाही, लोकांच्या तोंडून त्याचे नाव होईपर्यंत थांबता येते. (मुंबईत गिरगावच्या सेंट्रलमध्ये 'संत तुकाराम' वर्षाहून अधिक काळ चालला, तो याच कंपनीचा.)

पुढे भागीदार पांगले, १९५३ साली कंपनी बंद झाली, स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. टॉकीज मात्र चालू राहिले. ते विष्णुपंत दामले यांच्या कुटुंबाकडे होते आणि मराठी चित्रपटाचे पुण्यातले माहेर म्हणून ओळखले जात होते. 'प्रभातला लागलाय' हे मराठी निर्मात्याच्या दृष्टीने एक प्रशस्तिपत्रच होते. कंपनी गेल्यावर साठ वर्षे तिचे नाव एका भाड्याच्या इमारतीवर टिकून राहिले, हे मला मोठे विलक्षण वाटते.

२०१४ च्या अखेरीस ती वास्तू मूळ मालकांकडे परत गेली. पुण्यातल्या वर्तमानपत्रांतून 'प्रभात'ला निरोप देणारे लेख आले. पुष्कळांची समजूत अशी झाली की थिएटर संपले. प्रत्यक्षात किबे कुटुंबाने दुरुस्ती करून तिथे पुन्हा चित्रपट सुरू केले आणि दारावर जुने नाव आले, किबे लक्ष्मी. म्हणजे बंद पडले ते नाव आणि चालू राहिला तो पडदा. आर्यनच्या अगदी उलट. अप्पा बळवंत चौकासारख्या मोक्याच्या ठिकाणी मालकाने पुस्तकांच्या दुकानांचे संकुल बांधले असते तर त्याला कोणी बोल लावला नसता. जमीन, इमारत आणि खेळ हे तिन्ही एका हाती आले आणि त्या हाताला सिनेमा चालवायची इच्छा होती, एवढ्यावर हे थिएटर वाचले.

लालबागच्या भारतमाताचा मामला याहून नाजूक आहे. हे गिरणगावाचे थिएटर. पाळी सुटली की कामगार इथे यायचा. तमाशापट असो, कौटुंबिक असो की दादा कोंडके, मराठी चित्रपटाला मुंबईत बारा महिने मिळणारा हा पडदा होता. पण थिएटर ज्या जमिनीवर आहे ती गिरणीची, आणि गिरण्या सरकारजमा झाल्यावर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आलेली. गिरणी चालत होती तोवर आवारातल्या एका थिएटराकडे कोणाचे लक्ष नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मग थिएटरवाल्यांच्या मागे जागा मोकळी करण्याचा तगादा लागला. कलावंत आणि लालबाग-परळचे लोक थिएटराच्या बाजूने उभे राहिले. इथे प्रेक्षक आहेत, चालवणाऱ्याची हौस आहे, मराठी चित्रपटांची गरज आहे; नाही ती जमीन. भारतमाता तोट्यात आहे की फायद्यात, हा प्रश्न या वादात कधी महत्त्वाचा ठरलाच नाही.

आता थोडा हिशोब. १९२३ च्या कायद्यापासून २०१७ पर्यंत आपल्याकडे करमणूक कर होता. मुंबईसारख्या शहरात तो ४५ टक्क्यांपर्यंत गेला होता. थिएटरमालक आणि वितरक यांचा व्यवहार बहुधा भाड्याचा असे. आठवड्याचे भाडे ठरलेले. चित्रपट चालो वा पडो, मालकाला तेवढे मिळणार. हाउसफुल्लच्या पाटीचा फायदा वितरकाचा. चांगल्या काळात ही पद्धत मालकाला निर्धास्त ठेवायची, पण त्यामुळेच खुर्च्या बदलणे, आवाजाची यंत्रणा नवी घेणे यात पैसा घालावा असे त्याला वाटत नसे, कारण जास्त गल्ला झाला तरी त्याच्या पदरात काही पडत नव्हते. प्रेक्षक आटले तसे वितरक भाडे देईनासे झाले आणि व्यवहार टक्केवारीवर आला, तोवर खुर्च्यांतले स्पंज उंदरांनी नेले होते.

त्यात २००१ साली राज्याने मल्टिप्लेक्ससाठी सवलतीचे धोरण आणले. पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षे फक्त पाव हिस्सा. शेजारच्या जुन्या टॉकीजने मात्र पूर्ण कर भरायचा. सरकारला नव्या गुंतवणुकीला उत्तेजन द्यायचे होते हे समजू शकते, पण एकाच बाजारात दोन मापे ठेवून 'स्पर्धेत टिकले नाहीत' असे म्हणणे मला पटत नाही. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जो मोठा संप झाला, त्याच्या तडजोडीत पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० अशी निर्मात्याच्या बाजूची वाटणी ठरली. त्या वाटाघाटीत एकपडदा थिएटरांचा विषय नव्हता. धंद्याचा मध्य तोवर दुसरीकडे सरकला होता.

आणखी एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. थिएटर पाडून दुसरे काही बांधायचे असेल तर जुन्या आसनसंख्येच्या किमान एक तृतीयांश क्षमतेचे थिएटर नव्या इमारतीत ठेवावे लागते. हेतू चांगला, गावातला पडदा जाऊ नये. मालक म्हणतात, जे चालत नाही म्हणून पाडतो आहे तेच पुन्हा बांधायला कसे लावता? दोन्हींत तथ्य आहे. परिणाम असा की कित्येक मालक ना चालवतात, ना पाडतात. दाराला साखळी, बुकिंगच्या खिडकीवर पत्रा, वर पिंपळ. तालुक्याच्या गावी अशा इमारतीचे गोदाम होते, मंगल कार्यालय होते. उतरती जमीन सपाट केली की पंगत बसते आणि पडद्याच्या जागी वधूवरांच्या खुर्च्या मांडतात. मोठ्या शहरात मात्र वाट पाहणेच परवडते, कारण नियम बदलला तर जमीन आहेच.

जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की सगळे ऑपेरा हाउसकडे बोट दाखवतात. ते योग्यही आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते, बांधकाम पुरे होण्याआधीच, त्याचे उद्घाटन झाले. ऑपेरासाठी बांधलेल्या या वास्तूत पुढे नाटके झाली, मग बोलपट आले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ती घेतली. १९९३ साली खेळ थांबले. वीसएक वर्षे ते अंधारात होते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली काम झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे उघडली. पुढच्या वर्षी युनेस्कोच्या वारसा-संवर्धन पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. काम उत्तम आहे, छताचा घुमट पाहताना मान दुखते तरी खाली घालवत नाही. पण इथेही पाहण्याजोगी गोष्ट मालकी आहे. साठ वर्षांत ती एका घराण्याकडून हलली नाही आणि त्या घराण्याला जागा विकायची घाई नव्हती. शिवाय वाचली ती नाट्यगृह म्हणून. ग्रँट रोड परिसरातला जो माणूस तिथे शेवटच्या काळात दुपारचा खेळ बघायला जायचा, त्याच्या दृष्टीने ते १९९३ सालीच गेले.

चर्चगेटचे इरॉस १९३८ चे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशात घेतले, त्यात ते आले. मध्यंतरी बंद होते. २०२३ साली इमारतीला परांच्या लागल्या तेव्हा पाडतात की काय म्हणून शहरभर ओरड झाली. पाडले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आत आयमॅक्स पडदा सुरू झाला. बाहेरून तीच लाल-पिवळसर शान, आत पूर्वीच्या हजारावर खुर्च्यांऐवजी तीनशेच्या घरात. त्याच वर्षी, १९३८ साली, बांधलेल्या मेट्रोचे २००६ मध्ये सहा पडदे झाले होते. दोन्ही ठिकाणी दगडविटा राहिल्या याचे मला समाधान आहे. तिकिटाचा दर वाचून ते थोडे कमी होते.

पिटातला प्रेक्षक हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. पडद्याजवळच्या पहिल्या रांगा, सर्वांत स्वस्त तिकीट, शिट्ट्या तिथूनच. नव्या थिएटरात पुढच्या रांगेचे तिकीट स्वस्त असले तरी पिट नाही. मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिरात तो अजून सापडतो. १९९५ सालचा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिथे दुपारी लागतो आणि गाडीची वेळ होईपर्यंत टेकायला आलेले प्रवासी, सुट्टीचे कामगार, नवी लग्ने झालेली जोडपी थोड्या रुपयांत आत बसतात. लोक याला चमत्कार मानतात. हे थिएटर मराठा मंदिर या शिक्षणसंस्थेच्या जमिनीवर आहे, जागा बिल्डरच्या हाती गेलेली नाही, आणि जुना चित्रपट चालवणे स्वस्त पडते. चमत्काराचा एवढा भाग तरी कागदावर दाखवता येतो.

उलट, ज्या गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला, तिथे आज शॉपिंग सेंटर आहे. मॅजेस्टिक हे नाव मराठी माणसाच्या तोंडी राहिले ते पुस्तकांमुळे, थिएटराजवळ केशवराव कोठावळे यांनी मांडलेल्या बुकस्टॉलमुळे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला ज्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला, त्याचे तर एवढेही उरलेले नाही.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. तिथे चित्रपट आहेत, पोस्टर आहेत, गाण्यांच्या चोपड्या आहेत. थिएटरांची दप्तरे मात्र घरोघरी पडून असतात: रोजच्या गल्ल्याचे तक्ते, करमणूक कराच्या शिक्क्यांची तिकीटपुस्तके, भाडेकरार, सात-बारा. एका बंद टॉकीजच्या मालकांकडे मी गेलो तेव्हा त्यांनी जिन्याखालचे कपाट उघडून दाखवले. वरच्या फळीवर कोर्टाच्या फायली नीट दोरीने बांधलेल्या होत्या. खालच्या दोन फळ्या मोकळ्या. रोजच्या गल्ल्याची पुस्तके गेल्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली, पस्तीस किलो भरली, असे ते म्हणाले. फायली त्यांनी मला पाहू दिल्या. त्यांत चित्रपटाचे एकही नाव नव्हते.