संत गोन्सालो गार्सिया : वसईचा दुभाषी आणि सागरापारचे मिशनकार्य

प्रस्तावना

ख्रिस्ती मिशनकार्य आणि संदेशवहन यांच्या संबंधांची चर्चा बहुधा रेडिओपासून सुरू होते. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन झाले. १९६९ मध्ये फिलिपिन्समधील मनिला परिसरात ‘रेडिओ व्हेरितास’ सुरू झाले आणि पुढे त्याच्या आशियाई सेवेतून हिंदी, तमिळ, तेलुगू, बंगाली आदी भाषांत कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागले. परंतु परक्या भूमीवर, परक्या भाषेत, कोणी आणि कोणाच्या वतीने बोलायचे, हा प्रश्न ध्वनिलहरींपेक्षा पुष्कळ जुना आहे. याच मनिला शहरातून इ. स. १५९३ मध्ये एका शिष्टमंडळाबरोबर दुभाषी म्हणून जपानला रवाना झालेले गोन्सालो गार्सिया हे वसईचे होते. हुतात्मा म्हणून त्यांचे स्मरण सर्वत्र होते. दुभाषी म्हणून त्यांच्या कार्याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाच्या या दुसऱ्या अंगाचा मागोवा घेतला आहे.

वसई आणि प्रारंभीचे जीवन

१५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या चारही संघांच्या वास्तूंचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही दिसतात. अशा या नगरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, असे त्यांचे मिश्र कुळ होते. जन्मानेच दोन भाषांच्या व दोन समाजांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या या मुलाचे शिक्षण जेझुइटांकडे झाले. सेबास्तियाव गोन्साल्विस या जेझुइट धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला.

१५७१ मध्ये नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाराला खुले झाले. लगेच पुढल्या वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, गोन्सालो जपानला पोहोचले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी जेझुइटांचे धर्मशिक्षक म्हणून काम केले. या काळात त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि सामान्य जनांत ते लोकप्रिय झाले.

प्रवेशाचा प्रश्न

तथापि, संघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. या घटनेचा विचार तत्कालीन धोरणाच्या पार्श्वभूमीवर करणे आवश्यक आहे. १५७४ मध्ये गोव्यास आलेले जेझुइट निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो हे भारतीय व मिश्रवंशीय उमेदवारांना संघात घेण्यास प्रतिकूल होते. जपानी उमेदवारांबाबत मात्र त्यांचे मत अनुकूल होते. म्हणजे ज्याच्या जिभेवर मिशनचे दैनंदिन काम चालत होते, त्याला त्या मिशनच्या रचनेत अधिकृत स्थान नव्हते.

गोन्सालो यांनी संघाचे काम सोडून व्यापार पत्करला व त्यात यशही मिळवले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कनांशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि त्या संघात ते धर्मबंधू झाले. धर्मगुरुपद त्यांच्या वाट्याला आले नाही. पोर्तुगीज वसईत जन्मलेली ही व्यक्ती आता स्पॅनिश छत्राखालील संघाची सदस्य होती, ही बाबही लक्षणीय आहे.

दुभाषी आणि दूत

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी शिथिल होती. १५९२ मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली आणि फिलिपिन्सकडूनही शरणागतीची मागणी केली. त्यास उत्तर म्हणून मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ पाठविले. त्यात गोन्सालो होते. क्यूशू बेटावरील नागोया येथील लष्करी तळावर हिदेयोशीची भेट झाली. एका बाजूस शरणागती मागणारा विजेता, दुसऱ्या बाजूस ती टाळू पाहणारे गव्हर्नरचे पत्र. या दोहोंमध्ये शब्द तोलण्याची जबाबदारी दुभाष्यावर होती. शिष्टमंडळास जपानमध्ये राहण्याची अनुमती मिळाली.

त्यानंतर क्योतो येथे मठ, चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभी राहिली. जपानी भाषेच्या ज्ञानावाचून हे कार्य अशक्य होते. मात्र जेझुइट सावधपणे वावरत असताना फ्रान्सिस्कन उघडपणे प्रचार करीत होते. त्यामुळे दोन्ही संघांत तणाव वाढला. १५८५ मध्ये पोपनी जपानचे कार्यक्षेत्र जेझुइटांकडे सोपविलेले असल्याने हा वाद अधिकच तीव्र झाला.

अखेर

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातील माल जप्त झाला, स्पॅनिश हेतूंविषयी संशय बळावला आणि फ्रान्सिस्कनांना अटक झाली. बंदिवानांचे डावे कान छाटून त्यांची धिंड काढण्यात आली व भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत २० जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा होता. १६२७ मध्ये गोन्सालो धन्यवादित घोषित झाले आणि ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

समारोप

वसईतील गास येथील चर्च आणि वसईचे महाविद्यालय त्यांचे नाव धारण करतात. हे स्मरण प्रामुख्याने मरणाचे आहे. त्यांच्या जीवनाचा विचार केल्यास तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, सोळाव्या शतकातील मिशनकार्य केवळ युरोपीय धर्मगुरूंचे नव्हते. आशियाई मध्यस्थ त्याचा कणा होते. दुसरी, या मध्यस्थांचे भाषाकौशल्य स्वीकारले गेले, पण त्या प्रमाणात अधिकार दिला गेला नाही. तिसरी, दोन सत्तांमध्ये उभा राहणारा दुभाषी संकटसमयी दोन्हींच्या संघर्षाचा बळी ठरू शकतो. रेडिओ व्हेरितासच्या आशियाई सेवेने ३० जून २०१८ रोजी लघुलहरी प्रक्षेपण थांबवून डिजिटल माध्यम स्वीकारले. माध्यम बदलत राहते. दुसऱ्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचे स्थान कोणते, हा गोन्सालो यांच्या चरित्रातून उभा राहणारा प्रश्न मात्र कायम राहतो.