पाण्याखालचा पार

उजनी धरणाचं काम 1969 साली सुरू झालं आणि 1980 साली पुरं झालं. भीमेच्या दोन्ही काठांची गावं उठली, त्यात आमचंही उठलं. 117 टीएमसीच्या या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. सोलापूरला प्यायला पाणी मिळालं, आमच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, माझी लेकरं त्याच उसावर शिकली. म्हणून धरणाला मी नावं ठेवत नाही. पण पाण्याखाली काय काय गेलं हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. वडलांना आलेल्या नोटिशीत घर होतं, विहीर होती, आंब्याची झाडं मोजलेली होती. पार नव्हता. तो कुणा एकाचा नव्हता, मग त्याचे पैसे कुणाच्या नावावर निघणार?

आमचा पार मारुतीच्या देवळासमोर होता. पिंपळाभोवती घडीव दगडांचा गोल ओटा. दवंडी तिथूनच निघायची, सोयरिकी तिथंच जुळायच्या अन् मोडायच्याही तिथंच. न्हावी सकाळी खालच्या पायरीवर बसायचा. एकादशीला रात्री भजन. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक पाळीपाळीनं एकेका घरातून यायची. ज्या घराची पाळी त्या घरची बाई दारात उभी राहून ऐकायची, आपल्या कणकेचा आवाज कसा लागतोय ते. तुकोबांची पालखी इंदापूरच्या वाटेनं जायची, तिकडून येताना आमची माणसं नव्या चाली आणायची आणि पारावर बसवायची.

नव्या गावठाणात सरळ रस्ते आले, प्लॉट आले. पुढं समाजमंदिरही झालं, पण त्याला कुलूप असतं. पाराला कुलूप नव्हतं.

धरणातला उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी कमी व्हायला लागलं की आमच्याकडं म्हणतात, धरण मायनसमध्ये गेलं. अशा उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला पुण्याहून गाड्या येतात. आमच्याकडं बघण्यासारखं काही नाही. गाळात दगडांचं एक कडं आणि मधे पिंपळाच्या जागी खड्डा. तरी आमची माणसं येतात. कुणी भिगवणहून, कुणी करमाळ्याकडून, कुणी पुण्याहून. कड्याभोवती पोती टाकून बसायचं, टाळ-पखवाज घेऊन जुन्या चालीत भजन म्हणायचं, उन्हं तापायच्या आत उठायचं. पंधरा-वीस वर्षं हे चाललंय. पाणी हटेल त्याच साली, दरसाल नाही.

आता एक गोष्ट आहे, ती आमच्यातल्या काहींना आवडणार नाही. पार गावाचा म्हणतो आपण, पण सगळं गाव त्यावर चढत नव्हतं. मातंग वस्तीतले हलगीवाले जत्रेला, लग्नाला पाराखाली उभे राहून वाजवायचे. शेकोटी खाली, हलगी तापवायची खाली, बिदागी वरून टाकलेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं आणि कडं पुरं उघडं पडलं. हलगीवालेही आले होते. आमच्यातले एक तात्या म्हणाले, "आधी भजन होऊ द्या, मग हलगी. पहिल्यासारखंच." पहिल्यासारखंच म्हणजे कसं, हे सगळ्यांना कळलं. एक म्हातारा हलगीवाला वेड्या बाभळीच्या काटक्यांवर हलगी शेकत बसला होता. वर न बघताच बोलला, "तात्या, माझा बा ह्या दगडाखाली हुबा राहून वाजवायचा. आता दगड हायेत, पार न्हाई. मी कुठं हुबा राहू, तुमीच सांगा."

कुणी काही बोललं नाही. तो उठला, कड्याच्या आत गेला आणि पिंपळाच्या खड्ड्याशेजारी उभं राहून वाजवायला लागला. त्या उघड्या मैदानात हलगीचा आवाज लांब पाण्यापर्यंत जात होता. दोघं-तिघं उठून गाडीकडं गेले. पखवाजवाला मात्र जागचा हलला नाही. त्यानं थोडा वेळ ऐकलं, मग हलगीच्या ठेक्यात हात घातला. तो ठेका भजनाचा नव्हता, पण टाळ त्याच्यावर बसले. तात्या बसून राहिले. गायले नाहीत, पण बसले.

जुन्या चाली आता चारच जणांना येतात, त्यातला मी एक. समाजमंदिराची किल्ली मी मागून घेतली आहे. मंगळवारी रात्री बसतो आम्ही. शिकायला हलगीवाल्यांची दोन पोरं येतात, आमच्या आळीतलं एकच. कणीक माझ्याच घरातनं जाते, पाळी अजून लागलेली नाही.