बडोद्यात पाहुणे आले की...

बडोदेकर मंडळी, पूर्वी आपल्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना फिरवायचा क्रम ठरलेला असायचा, आठवतंय ना? लक्ष्मीविलास पॅलेस बाहेरून, कीर्ती मंदिर आतून, मग न्यायमंदिर, सूरसागर, मांडवी आणि संध्याकाळी कमाटीबाग. सरकारी नाव सयाजीबाग, पण आमच्या घरी ते नाव फक्त पत्रात लिहिताना वापरायचे. खाणं मात्र घरी. डब्यात दशम्या, लिंबाचं लोणचं, फार तर दडपे पोहे. बाहेर खाणं म्हणजे घरात करणारं कोणी नाही अशी जाहिरात, असं आमच्या आजीचं मत होतं.

कमाटीबाग 1879 ची. तेव्हा सयाजीराव महाराज अज्ञान होते आणि दिवाण सर टी. माधवराव कारभार बघत होते. महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले 1881 मध्ये. बागेतलं म्युझियम झालं 1894 ला. ह्या तारखा मुद्दाम देतोय. ज्या काळात संस्थानिकांच्या चिजा बड्या पाहुण्यांसाठी कुलुपात असायच्या, त्या काळात इथे सगळ्यांनी येऊन बघावं म्हणून इमारत बांधली गेली. आम्हा मुलांना त्यातलं फक्त दोनच गोष्टींचं आकर्षण. एक इजिप्तची ममी आणि दुसरा देवमाशाचा सांगाडा. हा मासा 1944 मध्ये खंबायतच्या आखातातून भरतीबरोबर महीच्या मुखात आला. सांगाडा साधारण 72 फूट. माझी आत्या दर वेळी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजायची आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा! वडील म्हणायचे, मासा वाढतोय.

तर सांगायचा मुद्दा असा, की फिरणं हे गायकवाडांनी आपल्या अंगवळणी पाडलं. बाहेर खाणं आपण नंतर शिकलो, आणि तेही गुजराती शेजाऱ्यांकडून. शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब लारीवर उभं राहून खायचं ह्यात त्यांना काहीच गैर वाटत नसे. मी कॉमर्सला युनिव्हर्सिटीत गेलो तेव्हा मित्रांबरोबर पहिल्यांदा लारीवरची सेव-उसळ खाल्ली. घरी कळलं तेव्हा आजी रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "उसळ? ती तर मी रोज करते, त्याला पैसे कसले?"

आजीचा प्रश्न मला पुढे फार महत्त्वाचा वाटायला लागला. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, सेव-उसळ म्हणजे मिसळच. नाही हो. मिसळीत मोड आलेली मटकी आणि फरसाण. आपल्या सेव-उसळीत वाळवलेला वाटाणा शिजवलेला, वरून जाड सेव, तिखट लाल तरी, हिरव्या पातीचा कांदा आणि पाव. आता गंमत बघा. हाच शिजवलेला वाटाणा गुजरातेत इतरत्र 'रगडो' म्हणून विकला जातो. बडोद्यात मात्र लारीवाला कुठल्याही गावचा असो, बोर्डावर गुजराती लिपीत 'उसळ' हाच शब्द लिहितो. मी जन्मभर कर्जाची कागदपत्रं तपासली. जमीन कोणाची हे कळायला सात-बारा बघायचा, तसा पदार्थ कुठल्या घरातून निघाला हे कळायला नाव बघायचं. सेव त्यांची, उसळ आपली. दोघांची बशी एक झाली. लीलो चिवडो आणि भाकरवडी ह्यांच्यावरही भांडता येईल, पण ते पुन्हा कधीतरी.

आज बाहेरगावची तरुण मंडळी बडोद्यात येतात ती पॅलेसचं तिकीट काढायला आणि सेव-उसळीचे फोटो टाकायला. चांगलंच आहे. मला खटकतं ते वेगळंच. त्या पोरांना कोणी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याचं नाव सांगत नाही, आणि आपल्या घरातली मुलंही तिथे गेलेली नसतात. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर ह्यांचा हा चार मजली वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याच्या भिंती चित्रांनी भरल्या. कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, इंग्रज-मराठ्यांची लढाई, मधूनच गोऱ्या मडमा. मराठी माणसानं गुजरातेत राहून जग कसं पाहिलं ते त्या भिंतींवर आहे. पुरातत्त्व खात्याकडे वाडा आहे म्हणून तो उभा तरी आहे. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा आत मी आणि पहारेकरी!

न्यायमंदिराचं तसंच. मुळात बाजारासाठी योजलेली ही इमारत 1896 मध्ये पुरी झाली आणि तिथे कोर्ट बसलं. 2018 मध्ये कोर्ट नव्या जागेत गेलं, तेव्हापासून वकिलांची वर्दळ आणि चहावाल्यांची आरोळी दोन्ही गेली. मांडवीच्या खांबाची तर अलीकडे पडझड होऊन टेकू लावायची पाळी आली. ह्याच मांडवीत 20 जुलै 1908 रोजी महाराजांनी बँक ऑफ बडोदा सुरू केली. आषाढी-कार्तिकीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो तोही ह्याच भागातून. त्या गर्दीत मान वर करून त्या कमानींकडे बघणारे किती असतात?

सेव-उसळीची काळजी मला नाही, तिला गिऱ्हाईक आहे. वाड्याला गिऱ्हाईक आपणच व्हायचं आहे.

डिसेंबरात अनेकांची मुलं-नातवंडं पुण्याहून, कॅनडाहून येतील. त्यांच्यासाठी माझा क्रम लिहून ठेवा. सकाळी आधी तांबेकर वाडा, कारण आत अंधार असतो आणि चित्रं बघायला दिवसाचा उजेड लागतो. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. तिथून न्यायमंदिर आणि सूरसागर पायी. दुपारी घरी जेवण आणि झोप. मग कमाटीबाग, म्युझियम बंद व्हायच्या आत, आणि पोरांना देवमासा पावलांनी मोजायला लावा. सेव-उसळ सगळ्यात शेवटी. तरी बेतानं घ्यायला सांगा, परदेशातली पोटं आहेत. आणि घरी ताक करून ठेवा.