आवडतं गाणं वाजलंच नाही तर? रॉक कॉन्सर्टची सेटलिस्ट आणि प्रेक्षकांचे वाद

३० ऑक्टोबर १९९२. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स. वेलेझ सार्सफील्डचं फुटबॉल स्टेडियम तुडुंब भरलंय आणि सगळ्यांना बघायचाय निर्वाना. त्यांच्या आधी कॅलमिटी जेन नावाचा मुलींचा बँड स्टेजवर येतो. ओळखीचा नसलेला बँड बघून प्रेक्षक हुर्यो उडवतात, शिव्या देतात, हाताला लागेल ते फेकून मारतात. मुलींना कार्यक्रम अर्धवट सोडून जावं लागतं.

निर्वानाचा गायक कर्ट कोबेन हे सगळं बघत होता. तो प्रचंड चिडला. निर्वाना स्टेजवर आला, पण ज्या गाण्यासाठी लोक आले होते, त्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ची फक्त सुरुवातीची धून वाजवून त्याने प्रेक्षकांना हुलकावणी दिली. पूर्ण गाणं त्या रात्री वाजलंच नाही.

आता यात बरोबर कोण? आधीच्या बँडला हाकलणारे काही हजार असतील, पण गप्प उभे राहिलेल्यांनीही तिकिटाचे पैसे मोजलेच होते. त्यांना त्यांचं गाणं मिळायला नको? रॉकचे चाहते गेली साठ वर्षं ज्या दोन गोष्टींवरून भांडतायत, त्या दोन्ही या एका रात्रीत आहेत. बँडने काय वाजवावं आणि प्रेक्षकांनी कसं वागावं? दोन्हीच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. तिकीट काढलं म्हणजे नेमकं काय विकत घेतलं?

सेटलिस्ट म्हणजे काय?

सेटलिस्ट म्हणजे त्या रात्री वाजवायच्या गाण्यांची क्रमवार यादी. ठळक अक्षरांत छापलेला कागद प्रत्येक वादकाच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेला असतो. कार्यक्रम संपला की पहिल्या रांगेतले लोक हात लांब करून तो मागतात आणि मिळाला तर घरी फ्रेम करून लावतात.

यादी बनवताना फक्त आवडनिवड चालत नाही. काही गाण्यांसाठी गिटार वेगळ्या सुरात लावलेली असते, त्यामुळे तशी गाणी एकापाठोपाठ ठेवली की गिटार सारखी बदलावी लागत नाही. उंच पट्टीची तीन गाणी सलग ठेवली तर गायकाचा गळा बसतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या गायकांच्या बाबतीत तर हा हिशेब फारच जपून करावा लागतो. ड्रमरलाही दम खायला एखादं संथ गाणं लागतं.

आणि हो, तो शेवटचा 'एन्कोर'. बँड 'गुड नाइट' म्हणून आत जातो, लोक ओरडतात, बँड परत येतो. बहुतेक वेळा ती गाणीही त्याच कागदावर, एका रेघेखाली आधीच छापलेली असतात. आपल्याकडे संगीत नाटकांत 'वन्स मोअर' मिळाला की गायक तेच पद पुन्हा म्हणायचा आणि नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. रॉकमधला एन्कोर त्या मानाने बराचसा लुटुपुटूचा.

रोज तेच की रोज नवं?

खरा वाद इथे सुरू होतो. एका टोकाला अमेरिकेचा ग्रेटफुल डेड. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या बँडने दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले आणि दर रात्री यादी वेगळी ठेवली. म्हणूनच त्यांचे चाहते एकाच दौऱ्यात गावोगाव त्यांच्या मागे फिरायचे. आज कुठलं गाणं आलं, ते किती महिन्यांनी आलं, याच्या नोंदी वह्यांत ठेवल्या जायच्या. पुढे फिश या बँडने ही रीत पुढे नेली. २०१७च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी १३ रात्री कार्यक्रम केले आणि एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही. एकूण २३७ गाणी झाली.

दुसऱ्या टोकाला ओएसिस. भांडून वेगळे झालेले गॅलाघर बंधू २००९नंतर थेट ४ जुलै २०२५ला कार्डिफमध्ये एकत्र स्टेजवर आले. त्या रात्रीची यादीच जवळजवळ जशीच्या तशी पूर्ण दौऱ्यात चालली. तक्रार फारशी कुणी केली नाही. सोळा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला ओळखीचीच गाणी हवी होती. शिवाय एका दौऱ्याला एकदाच जाणाऱ्याला, काल दुसऱ्या शहरात काय वाजलं याच्याशी काय देणंघेणं?

इथेच चाहत्यांचे दोन गट पडतात. वर्षातून एकदा जाणारा आणि एका दौऱ्यात पाच वेळा जाणारा. पहिल्याला गाजलेली गाणी हवीत, दुसऱ्याला दहा वर्षांत न वाजलेलं एखादं. दोघं एकाच रांगेत उभे असतात, आणि बँडला दोघांनाही घरी खूश पाठवायचं असतं.

यादी न बदलण्यामागे बँडचा आळसच असतो असं नाही. आजच्या मोठ्या कार्यक्रमात दिवे, मागच्या पडद्यावरची दृश्यं, आगीचे लोळ हे सगळं गाण्याच्या सेकंदासेकंदाशी बांधलेलं असतं. गाणं बदललं की हे सगळं कोलमडतं. अर्थात हे कारण पूर्ण खरं नाही. लास व्हेगासच्या स्फिअर या अवाढव्य गोलाकार सभागृहात यूटूने २०२३-२४मध्ये ४० कार्यक्रम केले. त्यांनी मधला छोटा भाग बदलता ठेवला आणि बाकी सांगाडा तोच ठेवला. एप्रिल २०२४मध्ये त्याच जागी फिशने चार रात्री एकही गाणं पुन्हा न वाजवता पार पाडल्या. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं, फक्त त्यासाठी तयारी आणि खर्च वेगळा लागतो.

मेटॅलिकाने मधला रस्ता काढून बघितला. २०१४मध्ये काही कार्यक्रमांची यादी त्यांनी तिकीटधारकांच्या मतदानावर सोडली. निकाल काय लागला असेल? पुन्हा तीच जुनी, गाजलेली गाणी वर आली. दुर्मीळ गाण्यांसाठी ओरडणारे चाहते आवाजाने मोठे असतात, संख्येने नाही. २०२३पासूनच्या दौऱ्यात त्यांनी एका शहरात दोन रात्री आणि दोन्ही रात्री पूर्ण वेगळी गाणी असा घाट घातला. कल्पना छान, पण एकाच रात्रीचं तिकीट परवडणाऱ्याला 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि 'एंटर सँडमन' यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं.

नवीन गाणी आली की लोक बिअर आणायला का जातात?

कलाकाराला नवं काम दाखवायचं असतं, प्रेक्षकाला जुनं ऐकायचं असतं. १९६५-६६मध्ये बॉब डिलनने लोकसंगीताची साधी गिटार बाजूला ठेवून इलेक्ट्रिक बँड सोबत घेतला तेव्हा गावोगाव हुर्यो उडवली गेली. १७ मे १९६६ला मँचेस्टरमध्ये तर प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'जुडास', म्हणजे विश्वासघातकी म्हटलं. गंमत म्हणजे त्या रात्रीचं चोरटं ध्वनिमुद्रण पुढे कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून विकलं जात होतं. १९९८मध्ये ते अधिकृतपणे बाहेर आलं आणि आज ज्या कार्यक्रमात लोक ओरडले, तोच चाहते डोक्यावर घेतात.

रेडिओहेडने 'क्रीप' हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं वर्षानुवर्षं टाळलं. २००९नंतर ते थेट २०१६मध्ये पॅरिसला वाजलं. आयर्न मेडनने २००६मध्ये याहून मोठं धाडस केलं. नवाकोरा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवला. जुन्या गाण्यांसाठी आलेल्या अनेकांनी डोक्याला हात लावला. पुढचा मोठा दौरा बँडने जवळजवळ पूर्णपणे ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा ठेवला आणि त्याची सुरुवात झाली कुठे, तर मुंबईत. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. युरोप-अमेरिकेतल्या चाहत्यांनी केलेल्या कुरकुरीचा फायदा मुंबईकरांनी आधी घेतला, असं गमतीने म्हणता येईल.

मोबाइल, गप्पा आणि 'खाली बसा'

प्रेक्षकांच्या वागण्याचा आजचा सगळ्यात तापलेला मुद्दा मोबाइलचा. मागच्या माणसाला स्टेजऐवजी शंभर पडदे दिसतात. टूल हा बँड शेवटच्या गाण्यापर्यंत फोन बाहेर काढू देत नाही. जॅक व्हाइटने २०१८मध्ये आणि नंतर डिलनने प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पाऊचमध्ये ठेवायला लावले. किंग क्रिम्सनची पद्धत सगळ्यात मजेशीर होती. कार्यक्रम संपल्यावर बासवादक टोनी लेविन स्वतःचा कॅमेरा काढायचा, तेव्हा प्रेक्षकांनीही फोटो काढायचे. त्याआधी नाही.

पण हा वाद मोबाइलच्या आधीचा आहे. ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमांत चाहते टेपरेकॉर्डर आणि उंच काठीवर लावलेले माइक घेऊन यायचे. त्या माइकच्या जंगलामुळे मागच्यांना दिसेनासं झालं. बँडने बंदी घातली नाही. १९८४पासून ध्वनियंत्रणेच्या मागे रेकॉर्डिंगवाल्यांसाठी वेगळी जागाच करून दिली. दोन्ही बाजूंना पटलेला असा तोडगा मोबाइलवर अजून कुणाला सापडलेला नाही.

बाकीचे वाद तुम्ही अनुभवले असतीलच. संथ गाण्यात मोठमोठ्याने गप्पा मारणारे, पुढे उभे राहून मागच्यांची खुर्ची निरुपयोगी करणारे, गायकापेक्षा वरच्या आवाजात बेसूर गाणारे. यात शेवटच्याला थोडी सूट द्यायला हवी, हजारोंनी एका सुरात गाणं हाच तर अनेकांसाठी रॉक कॉन्सर्टचा अर्थ. मात्र त्यालाही मर्यादा आहे. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर सुमारे ५५ हजार लोक अर्धा तास किंचाळत होते. तेव्हा स्टेजवर आजच्यासारखे मॉनिटर स्पीकर नव्हते, त्यामुळे वादकांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी बीटल्सने दौरे करणं कायमचं थांबवलं.

जिथे वाद संपतो

काही वर्तनांवर मात्र मतभेदाला जागा नाही. ३ डिसेंबर १९७९ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हू या बँडच्या कार्यक्रमाबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ तरुण मेले. तिकिटांवर खुर्चीचा नंबर नव्हता, जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा. आतून वाद्यांचा आवाज आला, कार्यक्रम सुरू झाला असं वाटून लोक पुढे रेटले आणि दारं मात्र मोजकीच उघडी होती. बँडला हे कार्यक्रम संपल्यावर कळलं. ३० जून २०००ला डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना स्टेजसमोरच्या गर्दीत ९ जणांचा जीव गेला. गायक एडी वेडर लोकांना मागे सरकायला सांगत होता.

अशा गर्दीत बहुतेक माणसं तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी इतका दाब येतो की श्वास घेता येत नाही, उभ्या उभ्या जीव जातो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी हलायला लागते, तिथे एकट्याच्या मनाने काही होत नाही. मेटलच्या गर्दीत मॉश पिट, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचण्याचं रिंगण, बघून नवख्याला भीती वाटते. पण तिथला पहिला नियम पडलेल्याला लगेच उचलायचा हाच आहे, आणि जुने चाहते तो नवख्यांना बजावून सांगतात.

भारतात असा प्रसंग थोडक्यात टळला. २८ ऑक्टोबर २०११ला गुडगावमध्ये मेटॅलिकाचा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणावरून ऐनवेळी थांबवला गेला, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी स्टेजची मोडतोड केली. दोन दिवसांनी बेंगळुरूला तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला.

आणि रात्री दहाचा काटा

महाराष्ट्रात सेटलिस्ट ठरवणारा आणखी एक घटक आहे, तो म्हणजे घड्याळ. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, तेही सण-उत्सवांसाठी. मुंबईत १९८६ला सुरू झालेला 'आय-रॉक' महोत्सव अनेक वर्षं धोबी तलावच्या रंगभवनात व्हायचा. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात आल्यावर तिथलं हे संगीत थांबलं. त्यामुळे आपल्याकडे बँड उशिरा आला तर भुर्दंड थेट गाण्यांवर बसतो, शेवटची दोन-तीन कापली जातात. ती शेवटची म्हणजे बहुधा ज्यांच्यासाठी लोक आलेले असतात तीच.

वेळेच्या या कात्रीतून मोठी नावंही सुटत नाहीत. १४ जुलै २०१२ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन तीन तास वाजवून झाल्यावर पॉल मॅकार्टनीला स्टेजवर घेऊन आला. दोघांनी बीटल्सच्या काळातली दोन गाणी म्हटली. ठरलेली वेळ उलटून गेली होती. दोघं प्रेक्षकांचे आभार मानायला माइकजवळ आले, तेवढ्यात आयोजकांनी आवाज बंद केला. तीन दिवसांनी डब्लिनच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने सुरुवात केली ती 'ट्विस्ट अँड शाउट'च्या शेवटच्या तुकड्याने, लंडनमध्ये जिथे आवाज तुटला होता तिथून.